मॅनिफोल्डचा नट, पाइप लावलेला पाना आणि आपली घाई



आज उसाचं नाही, हरभऱ्याचं नाही, लोखंडाचं बोलायचंय. गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी जुन्या पेट्रोल जीपचा सायलेन्सरचा मॅनिफोल्ड खोलण्याबद्दल विचारलं. प्रश्न तिघांचा एकच, "नट हलत नाही, काय करू?" आणि घाईही तिघांची तीच. रविवारपर्यंत गाडी पाहिजे. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या इंजिनाचा मॅनिफोल्डचा नट एका दुपारात ताकदीनं काढून देणारा मिस्त्री महाग पडतो आणि चार-सहा दिवस लावणारा स्वस्त पडतो. आणि पहिल्या प्रकारचा मिस्त्री आपणच तयार केलाय. कारण आपण तुटलेल्या पार्टचे पैसे कुरकुर न करता देतो, पण थांबायचे पैसे मागितले की भांडतो.

आता हे एवढं का, ते सांगतो. आपल्या भागात वडापच्या काळात बहुतेक जीपा डिझेलच्या झाल्या. पेट्रोलचं मूळ इंजिन उतरवलं, भंगारात घातलं, डिझेल बसवलं. ज्यांच्याकडं मूळ इंजिन राहिलं, त्यांच्याकडं ते विलीजचं हरिकेन. चार सिलिंडर, २.२ लिटर, १९५० सालचं डिझाईन. १९५३ ला सीजे-३बी जीपमध्ये ते बसवलं, तर आधीच्या इंजिनापेक्षा उंच, बोनेटखाली मावेना. म्हणून बोनेटच उंच केलं. आपण ज्याला "उंच नाकाची जीप" म्हणतो ती हीच. महिंद्रानं ती मुंबईत पुढं कितीतरी वर्षं बनवली. आमच्या चुलत्यांची १९६८ ची आहे, अजून बांधावर जाते.

या इंजिनाची एक खोड आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये. म्हणजे धुराचा मॅनिफोल्ड हेडला नाही, ब्लॉकला लागतो. स्टड ब्लॉकमध्येच रुतलेले. नेहमीच्या इंजिनात मॅनिफोल्डचा स्टड तुटला तर हेड उतरवायचं, पिशवीत घालून लेथवाल्याकडं न्यायचं, तो मशीनवर सरळ धरून काढून देतो. इथं हेड उतरवून काही उपयोग नाही. तुटलेला स्टड गाडीतल्या गाडीत, वाकून, हातातल्या ड्रिलनं काढायचा, नाहीतर सगळं इंजिन बाहेर. आणि ब्लॉक खराब झाला तर दुसरा ब्लॉक दुकानात मिळत नाही. भंगारवाल्यांकडं फिरा, नशीब असेल तर मिळेल.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी सरकारनं २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आणले, नंबरात "व्हीए" अक्षरं येतात. त्यात गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नको. अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, त्यामुळं शेतकऱ्याला ती कितपत कामाची हा वेगळा विषय. पण मूळ इंजिनाला किंमत आहे, हे त्यावरून कळावं.

आता नट अडकतो कशानं? गंजानं, हे सगळे म्हणतात, पण गंज म्हणजे नुसती तांबडी भुकटी नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांच्या मधल्या बारीक फटीत तो फुगून बसतो, पाचर मारल्यासारखा. त्यात हा भाग रोज तापतो आणि रोज गार होतो. भाराला लागलेल्या पेट्रोल इंजिनाचा धूर सहाशे अंशांच्या पुढं जातो, चढाला मॅनिफोल्ड रात्री लालसर दिसतो. पन्नास वर्षं असं तापणं-निवणं झालेला स्टड आतून बारीकही झालेला असतो. बाहेरून नट दिसतो मोठा, पण त्याला धरणारी कंबर खंगलेली. त्यावर तुम्ही पान्याला चार फुटांचा पाइप घालून लोंबकळता. काय होणार?

माझ्या एका मित्राच्या जीपचं तेच झालं. तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये एका दुपारात तीन स्टड तुटले. मग त्यात ड्रिल मारलं, तेही तिरकं. मग ईझी-आउट घातला, तो आत तुटला. ईझी-आउट इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. शेवटी ड्रिल बाजूच्या मऊ बिडात घुसलं आणि भोक भलतीकडंच गेलं. गॅरेजवाल्यानं त्याचं बिल लावलं, मित्रानं ते दिलंही. जीप तेव्हापासून चिंचेखाली उभी आहे, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात.

त्यामुळं पहिला प्रश्न "कसं खोलू" हा नाही. पहिला प्रश्न, खोलायची गरज आहे का? मॅनिफोल्ड रंगवायचाय, चकाचक करायचाय, म्हणून खोलू नका. गळत असेल तर मात्र खोलावंच लागेल. गळतंय कसं ओळखायचं? सकाळी गार इंजिन चालू करा. टक टक टक असा आवाज येतो, तापल्यावर लोखंड फुगून फट बुजते आणि आवाज कमी होतो. लोक त्याला टॅपेट समजून टॅपेट सेट करत बसतात. सांध्याजवळ काळी काजळी बघा, ती खोटं बोलत नाही. आणि हे गळणं अंगावर काढू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. पावसाळ्यात हूड आणि पडदे लावून चालवणाऱ्यांनी जास्त जपावं. शिवाय पेट्रोल गाडीत कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी हाताच्या अंतरावर असते. ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्हालाही हेच. गळक्या मॅनिफोल्डचा ट्रॅक्टर गव्हाच्या काडात, पाचटात घालू नका. तिथं एक ठिणगी बास होते.

खोलायचं ठरलं तर आधी पाने बघा. विलीजचं इंजिन अमेरिकन, सगळे आटे इंची. आपल्याकडच्या डब्यात सगळे पाने मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला सर्रास १३ चा पाना लावतात. बसतो, पण सैल बसतो. नऊ सोळांशचा नट १४.३ च्या आसपास, त्याला १४ चा जात नाही, मग १५ चा लावतात. मऊ, गंजलेल्या नटाचे कोपरे पहिल्याच झटक्यात गोल होतात. इंची गोट्यांचा सेट घ्या, सहाकोनी घ्या. बारा कोपऱ्यांची गोटी पटकन बसते खरी, पण जोर नटाच्या टोकावर येतो, सहाकोनीचा जोर सपाट बाजूवर येतो. फिक्स पाना तर इथं नकोच.

मग तेल. वायर ब्रशनं आट्याचं बाहेर आलेलं टोक घासून साफ करायचं, नाहीतर नट त्या काजळीवर येऊन पुन्हा अडकतो. मग गंज सोडवायचं पातळ तेल, कोणत्याही चांगल्या कंपनीचं. रॉकेल मिळायचं तेव्हा रॉकेलही चालायचं. सकाळी दोन थेंब, संध्याकाळी दोन थेंब, आणि तेल टाकल्यावर नटाच्या डोक्यावर लहान हातोडीनं टिचक्या. जोरात नाही. त्या हादऱ्यानं गंजात बारीक चिरा पडतात आणि तेल आत सरकतं. असं तीन-चार दिवस. मध्ये गाडी थोडी चालवून तापवली आणि निवल्यावर पुन्हा तेल टाकलं तर अजून चांगलं. फक्त गरम मॅनिफोल्डवर स्प्रे मारू नका, पेटतं.

इथंच लोकांचा धीर सुटतो. "चार दिवस नुसतं तेल टाकत बसायचं?" अहो, वाफसा आल्याशिवाय आपण रानात नांगर घालत नाही. कुणी म्हणत नाही की पैसे दिलेत, आजच नांगर. चिखलात नांगर घातला तर ढेकळं होतात हे आपल्याला बापानं सांगितलंय. लोखंडाचं कुणी सांगितलं नाही एवढंच.

आता हात लावायचा. आधी सोडायच्या दिशेला नाही, आवळायच्या दिशेला, अगदी किंचित. गंजाची पकड कुठल्याही दिशेनं मोडली तरी चालते. मग सोडायच्या दिशेला. नट हलला तर लगेच सुसाट सोडू नका. पाव फेरा सोडा, तेल टाका, अर्धा परत आवळा, पुन्हा सोडा. आट्यातली घाण अशी पुढं-मागं करूनच बाहेर येते. एका दमात सोडलेला नट अर्ध्यात पुन्हा जाम होतो आणि मग स्टडच तुटतो.

एक गोष्ट हातानं शिकायची आहे, लिहून कितपत कळेल माहीत नाही. नट खरा सुटतो तेव्हा "टक्क" असा आवाज येतो, हाताला एक झटका बसतो. स्टड तुटायला लागतो तेव्हा आवाज येत नाही. पाना मऊसर फिरतो, स्प्रिंग पिळल्यासारखा, सोडला तर थोडा मागं येतो. तसं जाणवलं की तिथंच थांबायचं. म्हणूनच इथं लांब पाइप आणि इम्पॅक्ट गन मला चालत नाही. त्यांच्यातून हे हाताला कळतच नाही. गन नव्या गाडीच्या चाकाला वापरा.

थांबलात की पुढचं औषध उष्णता. पण कशाला तापवायचं? नटाला. स्टडला नाही, बिडाच्या ब्लॉकला तर नाहीच. दहा मिलिमीटरच्या नटाला तीनशे अंश जास्त तापवलं तर त्याचं भोक साडेतीन शतांश मिलिमीटरनं वाढतं, वहीच्या कागदाच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा. एवढंसंच, पण गंजाची पकड मोडायला ते पुरतं. वेल्डरकडचा गॅस असेल तर बारीक टोकाची ज्योत, नटाभोवती फिरवत. आणि गरम बिडावर पाणी ओतू नका. लवकर गार व्हावं म्हणून पाणी मारणारे मी पाहिलेत, बीड चिरतं.

तापवून ज्योत बाजूला केली, नटाची लाली गेली, की साधी मेणबत्ती त्याच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून आट्यात ओढलं जातं. हा जुना उपाय आहे आणि माझ्या अनुभवात महागड्या स्प्रेपेक्षा सरस. फार गरम असेल तर मेण जळून धूर होतो, आत जात नाही, तेव्हा जरा दम खायचा. निवत आला की पाना लावायचा. नाही हलला तर पुन्हा तापवा, पुन्हा मेण. तीन-चार वेळा तापवावं लागतं, पहिल्याच वेळी निघाला तर मिस्त्रीला चहा पाजा.

ज्योत लावायच्या आधी काय करायचं ते मात्र दोनदा वाचा. कार्बोरेटर उतरवून लांब ठेवा, पेट्रोलची नळी टाकीकडून बंद करून तोंडाला बूच मारा, बॅटरीची वायर काढा, वाळूची बादली आणि ओलं पोतं जवळ ठेवा. मारलेलं तेल पुसून घ्या. आणि ब्रेक धुवायचा स्प्रे त्या भागावर मारला असेल तर ज्योत लावू नका. त्यातल्या काही स्प्रेंमध्ये क्लोरिनची द्रव्यं असतात, ती तापली की फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. हा वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता, उगाच घाबरवत नाही.

इतकं करूनही एखादा नट दाद देत नाही. मग नट मारायचा. माझं म्हणणं इथं अगदी पक्कं आहे. नट काही रुपयांचा, ब्लॉक मिळत नाही, तेव्हा कोण वाचवायचं हा प्रश्नच नको. बारीक ग्राइंडरनं किंवा कानसनं नटाची एक बाजू आट्यापर्यंत आणायची, मग छन्नी लावून एक ठोका. नट फुटून उघडतो. आटे थोडे दुखावले तरी चालतील. मॅनिफोल्ड बाहेर आल्यावर स्टड उघडा पडतो, मग त्याला पकड मिळते. काही इंजिनांत स्टडची भोकं आरपार पाण्याच्या जागेत जातात, स्टड काढला की पाणी येतं. तेव्हा रेडिएटर आधी रिकामा करा आणि बसवताना आट्याला सीलंट लावा.

आणि तुटलाच तर? घाबरू नका, पण त्या दिवशी काम बंद करा. चिडलेल्या हातानं पुढचं काम करायचं नाही. तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर वॉशर, वॉशरवर नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं. वेल्डिंगच्या उष्णतेनंच निम्मं काम होतं. निवल्यावर पान्यानं हळूहळू, पुढं-मागं. पहिलं वेल्डिंग सुटलं तर दुसरं करा, पाचवंही करा. तुकडा आतच राहिला असेल तर ड्रिल, पण आधी तोंड सपाट करून बरोबर मधोमध पंच. शक्य असेल तर मॅनिफोल्डच्या भोकात बसेल अशी बुश लेथवर करून घ्या, ड्रिल सरळ जातं. उलट्या दिशेचं ड्रिल मिळालं तर उत्तम, कधीकधी तुकडा ड्रिलबरोबरच बाहेर येतो. ईझी-आउट हे हत्यार मला डब्यात नको आहे. जो तुकडा चांगल्या पान्याला हलला नाही, तो त्या पेन्सिलीएवढ्या कडक काडीला हलेल हे मला कधी पटलं नाही. तो आत तुटला तर मग टूलरूमचं स्पार्क मशीन, म्हणजे इंजिन बाहेर आलंच.

आता पैशाचं बोलतो, कारण खरी गोम तिथं आहे. मिस्त्रीला आपण म्हणतो, "किती घेणार?" तो आकडा सांगतो. त्या आकड्यात त्याला आजच्या आज काम संपवायचं असतं, उद्या दुसरी गाडी उभी असते. मग तो पाइप घालणारच. त्याचा दोष आहे, पण निम्माच. त्यापेक्षा असं बोला, "मिस्त्री, गाडी आठवडाभर तुमच्याकडं राहू दे. रोज अर्धा तास द्या. तेवढ्या तासांची मजुरी देतो. आणि एकही स्टड तुटला नाही तर वर काहीतरी देतो." सहा दिवस रोज अर्धा तास म्हणजे तीन तासांचं काम. तुटल्यावरचं काम दिवसभराचं, आणि खात्री नाही. किंवा तेलाचे चार दिवस स्वतः घरी करा, दोन थेंब टाकायला मिस्त्री लागत नाही, आणि मग गाडी न्या. आमच्या गावच्या जुन्या मिस्त्रीला मी असंच सांगितलं तेव्हा तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "दादा, थांबायचे पैसे आजवर कुणी दिले नाहीत." सहाव्या दिवशी शेवटचा नट निघाला.

काही जण म्हणतील, त्या सगळ्या व्हिडिओंत तर अर्ध्या मिनिटात निघतो. निघतो ना. ज्यात तुटला तो व्हिडिओ कुणी टाकत नाही.

बसवतानाचं थोडक्यात. जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका, जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून, तोंडाला मास्क लावून काढा, ग्राइंडर तर लावूच नका. मॅनिफोल्डचं तोंड सरळ पट्टीवर ठेवून बघा, मधे फट दिसली तर घासून सपाट करून घ्या, नाहीतर नवं पॅकिंगही महिन्यात जाईल. ब्लॉकच्या आट्यांतून इंची टॅप हळूच फिरवा. स्टडचा ब्लॉकमधला आटा आणि नटाकडचा आटा बहुतेक वेळा वेगवेगळा असतो, एक जाड, एक बारीक, बघून घ्या. स्टड नवे टाका, त्यांना तांब्याची पेस्ट लावा आणि नट पितळी घ्या. पितळ लोखंडासारखं गंजून चिकटत नाही, पुढच्या वेळी ज्याला खोलायचंय तो तुमचं नाव काढेल. आवळताना मधून सुरुवात करून बाहेरच्या टोकांकडं, दोन-तीन फेऱ्यांत, आणि जीव खाऊन नाही. गाडी दोन-तीनदा पूर्ण तापून निवली की गार असताना पुन्हा एकदा पाना फिरवा, पॅकिंग बसलेलं असतं, नट थोडे सैल झालेले असतात.

ज्या तिघांनी विचारलं, त्यांतल्या एकाचा नट कालपासून तेलात आहे. त्याला तीन अष्टमांश इंचाचा जाड आट्याचा टॅप हवाय, आमच्याकडचा झिजलाय. कराड-सांगलीकडं कुणाकडं असेल तर कळवा, काम झालं की धुऊन-पुसून परत आणून देतो.